आधीच ठाऊक झालेला शेवट: ‘ऑफ माइस अँड मेन’मधील पूर्वसूचना

मूळ मत

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३७ सालच्या या छोट्या कादंबरीत पूर्वसूचना इतक्या दाट पेरल्या आहेत की शोकांतिका घडत नाही, ती घडवली जाते, असे माझे मत आहे. अंगात प्रचंड ताकद पण बुद्धी लहान मुलाची असलेला शेतमजूर लेनी पहिल्याच प्रकरणात खिशात मेलेला उंदीर बाळगतो. पुढे त्याच्या हातून कुत्र्याचे पिल्लू मरते आणि लगोलग मळ्याच्या मालकाचा मुलगा कर्ली याच्या बायकोची मान मोडते. काही बिनसले तर सलिनास नदीकाठच्या याच झुडपांत लपून राहा, असे त्याच्यासोबत फिरणारा मित्र जॉर्ज त्याला सुरुवातीलाच बजावतो, म्हणजे शेवटाची जागासुद्धा ठरते. मग या दोघांचे स्वतःच्या जमिनीचे आणि सशांचे स्वप्न वाचकाने मनापासून पाहावे तरी कसे?

प्रतिसाद १

आपले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. काहीतरी वाईट होणार हे आपल्याला कळते, पण ते कोणाच्या हातून होणार हे कळत नाही, आणि कादंबरीचा जीव तिथे आहे. मळ्यावरचा म्हातारा कामगार कँडी याचा कुत्रा मारायला नेतात तो प्रसंग पुन्हा वाचावा. गोळी डोक्याच्या मागे लागली की त्याला काही कळणारही नाही, असे कुत्र्याला मारायला नेणारा कामगार कार्लसन जागा दाखवून सांगतो. मग खोलीत कोणी धड बोलत नाही, जमिनीखाली काहीतरी कुरतडत असते आणि सगळे त्या एका आवाजाची वाट पाहतात. परक्याच्या हातून मारू द्यायला नको होते, आपणच मारायला हवे होते, हे कँडी नंतर जॉर्जजवळ बोलून दाखवतो. शेवटी जॉर्ज लेनीला गोळी घालतो तेव्हा पिस्तूल कार्लसनचेच असते, नेमही तिथेच असतो, पण हात मित्राचा असतो. शिवाय याच प्रकरणात कँडी आपले साडेतीनशे डॉलर देऊ करतो आणि सहाशेच्या जमिनीचे स्वप्न पहिल्यांदाच आवाक्यात येते. गोळीचा आवाज कानात असतानाच मला ते खरे वाटले.

प्रतिसाद २

मी मूळ मताच्या बाजूने आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. उंदीर, पिल्लू, बाई अशी चढती मांडणी केल्यामुळे कर्लीची बायको माणूस न राहता त्या साखळीतली शेवटची कडी होते. तिला कादंबरीभर नावसुद्धा नाही. सिनेमात जाण्याचे तिचेही स्वप्न होते. ते मरणाच्या काही क्षण आधी तिच्या तोंडी येते, तोवर वाचकाचे लक्ष लेनीच्या बोटांकडे लागलेले असते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

कँडीच्या वाक्याबाबत मी माघार घेतो. ते मी केवळ म्हाताऱ्याची हळहळ म्हणून वाचले होते. जॉर्जच्या मनात ते रुजत होते हे माझ्या ध्यानातच आले नाही. कर्लीच्या बायकोबद्दलचा आक्षेप मात्र मला अजूनही बिनतोड वाटतो. आणखी एक गोष्ट आत्ता लक्षात येते. लेनीच्या मृत्यूनंतर मळ्यावरचा सहकारी स्लिम जॉर्जला धीर देत घेऊन जातो, तेव्हा या दोघांना एवढे काय झाले, असा प्रश्न कार्लसनला पडतो, आणि कादंबरी तिथेच संपते. कुत्र्याला गोळी घालणाराही तोच होता.