शेतकऱ्याचं नाव घेणारं सरकार आलं, तर त्यानं बाहेरच्या देशांशी कसं वागावं?

कोरडवाहू (पांढरकवडा)
मंडळी, सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे, मधात तुरीची तासं. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात दिल्लीनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग थेट 31 डिसेंबरपर्यंत. आम्ही सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून वेचा सुरू केला तेव्हा परदेशातला कापूस बिनशुल्काचा उतरत होता. तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता. दारात आलेला व्यापारी ओंजळभर कापूस दाबून म्हणाला, "ओल आहे," आणि 6,700 सांगितले. वेचणाऱ्या बायांची मजुरी तर रोख द्यावी लागते. काही विकला, बाकी घरात रचला. लेकरं त्याच खोलीत झोपतात, रात्रभर अंग खाजवतात.

अमेरिकेशी भांडा असं मी म्हणत नाही. पण उद्या डावीकडे झुकलेलं, मध्यममार्गी सरकार दिल्लीत बसलं तर त्यानं नेमकं काय करावं? भाषण नको, करण्यासारखं सांगा.

संत्राबाग (वरूड)
भाऊ, आधी शेजार सांभाळा. आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं शुल्क 2019 नंतर वाढत वाढत 2023 मध्ये किलोला 88 रुपयांवर गेलं. आंबिया बहाराचा माल झाडाखाली सडताना पाहिला आहे मी. तुमच्या कापसाचंही तेच. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीच्या वाटेनं घेणं बंद केलं, मे मध्ये आपण त्यांचे तयार कपडे सीमेवर अडवले. ढाक्यात सरकार कोणाचंही असो, फळ आणि सूत राजकारणातून बाहेर काढून बोलणी चालू ठेवली पाहिजेत. हे मी पहिलं काम मानतो.

गावची मास्तरीण (हिंगणघाट)
दादा, एक बाजू राहते आहे. तिरुपूरच्या गिरणीतली बाईसुद्धा आपलीच. अमेरिकेच्या त्या शुल्कानं तिच्या हातचं काम धोक्यात आलं. तिला स्वस्त कापूस हवा, तुम्हाला भाव हवा. दोघांना धरणारं सरकार असेल तर त्यानं शुल्काला हंगाम बांधून द्यावा: ऑक्टोबर ते मार्च पूर्ण शुल्क, आपल्या घरातला कापूस निघून गेला की सवलत. आणि ही तारीख पेरणीआधी जाहीर करावी, म्हणजे पऱ्हाटी किती लावायची ते तुम्हाला ठरवता येईल.

दुसरं संसदेचं. आपल्याकडे परदेशाशी करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही. राज्यघटनेच्या कलम 253 नं तो अमलात आणायचा कायदा संसद करू शकते, राज्यांच्या विषयातसुद्धा. शेती राज्याचा विषय, पण सही होण्याआधी राज्याला विचारावंच लागेल असा नियम नाही. 2019 मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या मोठ्या व्यापार करारातून आपण बाहेर पडलो, दूधवाल्या शेतकऱ्यांनी आवाज केला होता म्हणूनही. तो आवाज दरवेळी रस्त्यावरूनच का यावा? कराराचा मसुदा आधी संसदेच्या समितीपुढे आणि राज्यांपुढे ठेवायचा, असा कायदाच करा.

तूरवाली (घाटंजी)
तुरीबद्दल माझं मत वेगळं आहे. तूर घेण्याचा करार मोझांबिकशी 2016 मध्ये झाला, मलावी आणि म्यानमारशी 2021 मध्ये. तिथं तूर पिकवणारेही आपल्यासारखेच लहान शेतकरी. त्यांना दिलेला शब्द मोडू नये. पण कराराच्या आकड्यावर एक दाणा जास्त आला तर त्यावर शुल्क हवंच. खरा मार बसला तो पिवळ्या वाटाण्याचा. डिसेंबर 2023 मध्ये तो शुल्कमुक्त केला आणि बेसनात, डाळीत तोच शिरला. गेल्या खेपेला बाजारात आमच्या ढिगाजवळ कोणी थांबेना.

कोरडवाहू (पांढरकवडा)
ताई, तुमचं पटलं. मलावीच्या शेतकऱ्याचा विचार मी कधी केला नव्हता. मास्तरीणबाई, ऑक्टोबर ते मार्चचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हे ग्रामसभेत मांडा. 26 जानेवारीला मांडतो. ठरावाची चार ओळींची भाषा इथं टाकाल का? कलमाचा आकडा नीट लिहा, ग्रामसेवक विचारतील.