लेकीसाठी 38 हजारांत लॅपटॉप: नवा घ्यावा की वापरलेला?

शिलाईवाली_मंगळवेढा

नमस्कार. मी मंगळवेढ्याला शिलाईकाम करते. लेकीला सोलापूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय, जुलैअखेर ती हॉस्टेलवर जाईल. भिशी लागली तिचे 30 हजार आणि शाळेच्या गणवेशांचे उरलेले 8, असे 38 हजार हातात आहेत. कर्ज काढायचं नाही. माझा भाऊ म्हणतो, 62 हजारांचा गेमिंगचा घे, बिनव्याजी हप्त्यावर मिळतो. पण माझं काम सीझनचं. दिवाळी सरली की दोन महिने मशीन बंदच असते, तेव्हा हप्ता कुठून भरू?

आतापर्यंत तीन ठिकाणी चौकशी केली, लेकीने वहीत लिहून घेतलंय. गावातल्या दुकानात नवा 27,500 ला, सेलेरॉन एन4500, 4 जीबी रॅम, 128 जीबी ईएमएमसी. दुकानदार म्हणाले, कॉलेजला एवढा पुरतो. ऑनलाइन नवा 36,000 ला, रायझन 3 7320यू, 8 जीबी, 512 एसएसडी. आणि सोलापूरच्या एका दुकानात वापरलेला थिंकपॅड टी480, आय5 आठवी जनरेशन, 8 जीबी, 256 एसएसडी, 22,000 ला, सहा महिने वॉरंटी.

कापड घेताना मी ते उलटं करून वीण बघते, धागा ओढून बघते, ओलं करून रंग जातो का बघते. लॅपटॉपमध्ये असं काय बघायचं असतं, ते मला नीट सांगा. नुसतं नाव सांगू नका.

लॅब_सहायक

ताई, मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अकरा वर्षं आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये मुलं नवा लॅपटॉप घेऊन येतात आणि दुसऱ्या वर्षाला त्यातली कितीतरी परत माझ्याकडे येतात, "सर, हँग होतोय" म्हणत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी सी भाषा, थोडं पायथन, थोडा डेटाबेस. एवढं कुठल्याही मशीनवर होतं. अडचण पुढे येते. जावा, वेबची कामं आणि कोणी अँड्रॉइडचा प्रोजेक्ट घेतला तर अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे फोनची अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर. त्याला किमान 8 जीबी रॅम (चालू काम मांडायची जागा) सांगितलेली आहे आणि इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरच दिसणारा नकली फोन, चालवायचा तर 16. म्हणून तुमचा पहिला प्रश्न "रॅम किती" हा नको. "रॅम पुढे वाढवता येते का" हा हवा.

या कसोटीवर गावातला पहिला लगेच बाद होतो. एन4500 या प्रोसेसरला दोनच कोअर, म्हणजे काम करणारे हात दोनच. विंडोज 11 ची किमान गरजच 4 जीबी, म्हणजे विंडोज सुरू झालं की लेकीच्या कामाला फार थोडं उरतं. ईएमएमसी आणि एसएसडी या दोन्ही फाइली साठवायच्या जागा, पण ईएमएमसी एसएसडीपेक्षा बरीच हळू असते आणि बोर्डावरच बसवलेली असते.

दुसऱ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तो दिसायला चांगला आहे. 7320यू मधला 7 बघून माणसाला वाटतं की अगदी नवी चीज आहे. पण त्या चार आकड्यांत तिसरा आकडा महत्त्वाचा. तिथे 2 आहे, म्हणजे आतली रचना झेन 2, ती 2019 ची. तेवढ्याने तो वाईट ठरत नाही, रोजचं काम तो करेल. पण या चिपला फक्त एलपीडीडीआर5 रॅम चालते आणि ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. 8 घेतली की कायमची 8.

नवाच घ्यायचा तर आय3-1215यू बघा. बारावी जनरेशन, सहा कोअर. त्यातही दुकानदाराला सांगायचं, "रॅमची एक जागा रिकामी आहे हे मला दाखवा." तोंडी नको, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या पानावर दाखवायला लावा. एकाच नावाचे दोन लॅपटॉप आतून वेगळे असतात. माझं मत विचाराल तर नवा घ्या. तीन वर्षं पोर घरापासून लांब राहणार, वॉरंटी हवी.

सोलापूर_रिपेअर

लॅब_सहायक सरांचं रॅमचं सगळं पटलं, शेवटचं वाक्य पटलं नाही. मी रोज लॅपटॉप उघडतो. 38 हजारांच्या आतल्या नव्या मशीनचं बिजागर आणि टी480 चं बिजागर हातात धरून बघा. टी480 हा 2018 चा, कंपन्यांच्या ऑफिससाठी बनलेला. रॅमच्या दोन जागा, दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. कीबोर्ड बदलता येतो, स्क्रीन बदलता येते, सुटे भाग मिळतात.

"आठवी जनरेशन" हे मात्र स्वतः तपासा, स्टिकरवर जाऊ नका. सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट. तिथे आय5-8250यू किंवा 8350यू असं 8 ने सुरू होणारं दिसलं पाहिजे. सहावी-सातवी जनरेशनही "आय5 आहे" म्हणून खपवतात. विंडोज 10 चा कंपनीकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. तेव्हा सातवी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.

ताई, तुम्ही कापड ओलं करून बघता, तशी बॅटरी बघायची. दुकानात बसूनच कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगा आणि पॉवरसीएफजी, जागा सोडून स्लॅश, मग बॅटरीरिपोर्ट हा आदेश द्यायला लावा. एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवीन असतानाची ताकद आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. टी480 च्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या दिसतील. 70 टक्क्यांच्या खाली असेल तर बदलून मागा, मी तरी गिऱ्हाइकाला बदलून देतो.

मग मशीन बंद करून चालू करताना एफ1 दाबा. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. जुन्या ऑफिसचं कुलूप राहिलेलं असतं आणि ते काढणं सोपं नसतं. पांढरं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावून डाग बघा, एकेक की दाबून बघा, लेकीला फोनवरून व्हिडिओ कॉल करायला सांगून कॅमेरा आणि माइक बघा. बिल जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर. कोऱ्या कागदावरची वॉरंटी म्हणजे वॉरंटी नव्हे.

हॉस्टेल_ते_हिंजवडी

काकू, मी हाच कोर्स हॉस्टेलवर राहून केला, वापरलेल्या लॅपटॉपवर. आता नोकरीला आहे. मशीनबद्दल वर आलंच आहे, मी हॉस्टेलचं सांगते.

तिथे नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. पहिल्याच आठवड्यात विंडोजच्या अपडेटने माझा दिवसाचा डेटा सकाळी नऊलाच संपवला होता आणि दुपारी असाइनमेंट पाठवायची होती. रडू आलं होतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला "मीटर्ड कनेक्शन" करून द्या, मग बहुतेक अपडेट आपसूक उतरत नाहीत. सुट्टीत घरी आली की किंवा कॉलेजच्या वायफायवर सगळी करून घ्यायची.

लिहायला लिब्रेऑफिस फुकट आहे. सी, पायथन, जावा, व्हीएस कोड सगळं फुकट. सॉफ्टवेअरच्या नावाखाली दुकानदार हजार-दोन हजार मागतील, ते देऊ नका. दर रविवारी प्रोजेक्टची प्रत पेनड्राइव्हवर, हे तिच्याकडून वदवून घ्या.

हप्त्याचं तुमचं बरोबर आहे. क्रेडिट कार्डावरच्या "बिनव्याजी" हप्त्यात व्याजाइतकी सूट देतात, पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतोच आणि वर प्रोसेसिंग फी. शिवाय गेमिंगचं मशीन जड असतं, चार्जर वेगळा जड, आणि बॅटरी लेक्चरभर टिकेलच असं नाही.

शिलाईवाली_मंगळवेढा

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी सोलापूरला गेलो. तुमचं सगळं लेकीने वहीत उतरवून घेतलं होतं.

दुकानदाराने आधी दुसराच लॅपटॉप पुढे केला. लेकीने अबाउट उघडलं, तर आय5-7300यू. ती काही बोलली नाही, नुसती वही त्यांच्यासमोर ठेवली. मग त्यांनी आतून टी480 आणला. त्याचा आकडा 8350यू निघाला. बॅटरीच्या फाइलमध्ये आतली 24 पैकी 19 वॅट-अवर, बाहेरची 24 पैकी 11. बाहेरची बदलून घेतली. एफ1 ला पासवर्ड मागितला नाही. कीबोर्डवर एक की अडकत होती, ती त्यांनी समोर बसून बदलली. रॅम 16 जीबी करून सगळे मिळून 26,500 झाले, जीएसटीचं बिल, सीरियल नंबर लिहून. राहिलेले साडेअकरा हजार हॉस्टेलच्या डिपॉझिटला ठेवले.

लॅब_सहायक सर, नव्याचा तुमचा सल्ला डावलला म्हणून राग मानू नका. आय3-1215यू चा 37,500 ला मिळत होता, रॅमची रिकामी जागा मात्र कोणी दाखवेना.

रात्री घरी आल्यावर लेकीने त्यावर माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांचा तक्ता केला. छाती, कंबर, बाही, उंची, सगळं एका ओळीत. जुन्या डायऱ्यांतली चाळीस नावं तिने त्यात चढवली आणि मी शेजारी बसून वाचून दाखवत होते.

आता एकच विचारायचं आहे. लॅपटॉपला पिशवी मीच शिवणार. टेपने मोजला, सव्वातेरा इंच बाय नऊ इंच एक सूत. माझ्याकडे सोफ्याच्या कामातला अर्ध्या इंचाचा फोम आहे. तो चालेल, की उन्हाळ्यात लॅपटॉप गरम होईल?

सोलापूर_रिपेअर

फोम चालेल ताई. पिशवीत ठेवण्याआधी पूर्ण शटडाउन करायचा, नुसतं झाकण लावून ठेवायचा नाही. खालच्या बाजूला फोम दुहेरी घाला, धक्का तिथेच बसतो. चार्जरचा कप्पा बाहेरून शिवा.

लॅब_सहायक

राग कसला ताई. वही बघून आनंद झाला. लेकीला सांगा, पहिल्या प्रॅक्टिकलला ती वही बरोबर आण म्हणावं.