रँकिंगसाठी साईट मोबाईल-फ्रेंडली करणं: गरज की बागुलबुवा?

भिंगरी
"साईट मोबाईल-फ्रेंडली (फोनवर नीट वाचता-वापरता येणारी) नाही म्हणून गूगलच्या शोधात खाली गेली" हे ऐकून कान किटले. २१ एप्रिल २०१५ ला गूगलने मोबाईलला जुळणाऱ्या पानांना झुकतं माप देणारा बदल आणला, तेव्हा 'मोबाईलगेडन' म्हणून केवढी हवा झाली! तो बदल फक्त मोबाईलवरच्या शोधापुरता होता. शिवाय मजकूर दर्जेदार असेल तर न जुळणारं पानही वर राहू शकतं, हे गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. पुढे २०२३ च्या अखेरीस त्यांनी पान फोनला जुळतं का ते तपासून हिरवा शेरा देणारी आपली मोबाईल-फ्रेंडली चाचणीच बंद केली. ज्या हिरव्या शेऱ्यासाठी लोक पैसे मोजत होते, तो देणाराच उठून गेला. तरी 'साईट मोबाईल-फ्रेंडली करून देतो' ही विक्री चालूच आहे. माझ्या मते रँकिंगच्या नावावर हे काम करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कळफलक
साफ असहमत. तुम्ही २०१५ मध्येच अडकलात. मार्च २०१८ पासून गूगल टप्प्याटप्प्याने मोबाईल-फर्स्ट इंडेक्सिंगवर गेलं. म्हणजे गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) तुमचं पान फोनवरून आल्यासारखं वाचतो आणि इंडेक्समध्ये, म्हणजे गूगल ज्यातून शोधतं त्या नोंदवहीत, तेच जातं. शोधणारा डेस्कटॉपवर बसलेला असला तरीही! ५ जुलै २०२४ नंतर तर मोबाईलवर उघडतच नाही अशी साईट इंडेक्समध्ये येणारच नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. मोबाईलसाठी वेगळी साईट असते. डेस्कटॉपच्या पानावर मापांचा तक्ता, वापरायची पद्धत, प्रश्नोत्तरं सगळं असतं. डिझायनर म्हणतो, फोनवर गर्दी होतेय, आणि मोबाईलच्या पानातून तक्ता उडवतो. मालक रोज डेस्कटॉपवर तक्ता बघून खूश, गूगलच्या लेखी मात्र तो तक्ता नाहीच. त्या मापांचा शोध घेणाऱ्याला तुमचं पान सापडणार कसं? तक्ता उडवायच्या ऐवजी टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या पट्टीत ठेवला असता तरी चाललं असतं, तो मजकूर धरला जातो.

भिंगरी
पण हे माझ्याच बाजूने झालं की! मजकूर गायब होणं वेगळं आणि पान फोनवर नीट न दिसणं वेगळं. चिमटीने मोठं करून वाचावं लागणारी जुनी डेस्कटॉप साईटसुद्धा फोनवर उघडते, तिच्यात मजकूर पूर्ण असतो आणि ती इंडेक्स होते.

तिरकस
"वाचकांना त्रास होतोय" म्हटलं तर क्लायंट ढिम्म. "गूगल खाली ढकलेल" म्हटलं की दुपारपर्यंत मंजुरी. त्यामुळे बागुलबुवा असला तरी राहू द्या, कामाचा आहे.

जुना खेळाडू
इंडेक्स होणं आणि वर येणं यात फरक आहे, भिंगरीताई. कोअर वेब व्हायटल्स, म्हणजे पान वापरायला कसं आहे ते मोजणारे गूगलचे तीन आकडे, रँकिंगमध्ये धरले जातात: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, मांडणी हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. मोबाईलचे आकडे वेगळे मोजले जातात, तेही क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांकडून. ऑफिसच्या वायफायवर महागड्या फोनने तपासून "मस्त चाललंय" म्हणण्यात अर्थ नाही.

मांडणी हलणं म्हणजे काय? अंगठा 'पुढे'वर टेकणार, तेवढ्यात वर जाहिरात उमटते, बटण खाली सरकतं आणि टिचकी जाहिरातीवर पडते. चित्राला आणि जाहिरातीला आधीच जागा राखून ठेवली की हे थांबतं. या आकड्यांचं वजन मजकुरापेक्षा कमी आहे हे मान्य. पण दोन पानं तोडीस तोड असतील तर फरक पडू शकतो.

भिंगरी
"पडू शकतो" एवढंच ना? त्या शक्यतेपोटी सगळी साईट नव्याने बांधायला लावतात. पानांचे जुने पत्ते बदलतात, ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय) कुणी लावत नाही, वर्षानुवर्षं जमलेल्या लिंका ४०४ वर, म्हणजे 'पान सापडत नाही'वर आपटतात. मोबाईल-फ्रेंडली व्हायला गेले आणि होती ती रँकही घालवून बसले, अशी गत.

नवशिका
वाद चालू द्या, पण माझ्या साईटवर फोनमध्ये अक्षरं मुंगीएवढी दिसतात. सुरुवात कुठून करू?

कळफलक
व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारी कोडमधली ओळ) आहे का ते आधी बघा. तो नसला की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. टॅग लावल्यावर ठरावीक रुंदीचे तक्ते, चित्रं बाहेर डोकावतील, ती सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) आवरा. फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होतं. मग सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) पानाचा पत्ता तपासा आणि गूगलने वाचलेलं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) उघडून आपला मजकूर त्यात आहे ना, ते शोधा.

भिंगरी
हे बरोबर. आणि यातलं काहीही करताना पानांचे पत्ते बदलू नका. कुणी "आधी नवीन थीम (साईटचा तयार साचा) घ्या" म्हणालं तर का, ते लेखी मागा.

जुना खेळाडू
थीमच जड असेल तर? तेव्हा बदलावीच लागते. सरसकट नाही म्हणू नका.