एसएसएचचा लूप पहिल्याच मशीनवर थांबतो, एररही येत नाही

लॅब_चौदा

नमस्कार. लॅबमध्ये उबुंटूची 14 मशीन आहेत. सगळ्यांचे आयपी एका फाइलमध्ये, ओळीला एक. बॅशचा 'व्हाइल रीड' लूप (फाइल ओळीओळीने वाचणारा) लावून प्रत्येक मशीनवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायचं साधन) 'डीएफ' (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) चालवायचं आणि मग बॅकअपची स्क्रिप्ट, एवढंच काम आहे.

लूप पहिल्या मशीनवर नीट चालतो आणि तिथेच संपतो. लॉगमध्ये मशीनचं नाव यावं म्हणून कमांडमध्ये $होस्टनेम घातलं, तर नाव माझ्याच लॅपटॉपचं छापलं जातं. बॅकअपची स्क्रिप्ट लॉगिन करून हाताने चालवली की चालते, पण एसएसएचच्या त्याच ओळीत मागे लिहिली की 'कमांड नॉट फाउंड'. एसएसएचची की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) बसवलेली आहे, पासवर्ड विचारत नाही.

पाइपमास्तर

एरर येत नाही कारण लूपच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही. यादीची फाइल लूपला स्टँडर्ड इनपुटवर (प्रोग्राम जिथून माहिती वाचतो ती वाट) मिळते. आत चालणाऱ्या एसएसएचचा इनपुटही तोच. पलीकडच्या कमांडला लागेल म्हणून तो उरलेल्या 13 ओळी वाचून तिकडे पाठवतो. 'डीएफ'ला त्यांचं काही काम नसतं, त्या वाया जातात. इकडे 'रीड'ला फाइल संपलेली दिसते आणि लूप गुपचूप बाहेर पडतो.

इलाज एका अक्षराचा: एसएसएचला -एन द्या (छोटा एन). मग तो इनपुट /डेव्ह/नल या कायम रिकाम्या फाइलमधून घेतो आणि यादीला हात लावत नाही. पलीकडच्या कमांडला खरोखरच इनपुट द्यायचा असेल तेव्हा मात्र -एन चालत नाही. तिथे यादीच वेगळ्या वाटेने आणा: 'रीड -यू 3' लिहा आणि 'डन'पुढे 3< लावून फाइलचं नाव द्या.

$होस्टनेमचं कारण दुहेरी अवतरण. त्यातली व्हेरिएबल तुमच्याच शेलने (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, इथे बॅश) उलगडली, म्हणजे तिच्या जागी किंमत टाकली, एसएसएच सुरू व्हायच्या आधी. एकेरी अवतरणात ठेवा, म्हणजे डॉलरचं चिन्ह जसंच्या तसं पलीकडे पोचेल आणि तिथला शेल ते उलगडेल.

यातली खरी खोच पुढे आहे. तुम्ही दिलेले सगळे शब्द एसएसएच त्यांच्यामध्ये एकेक स्पेस टाकून जोडतो आणि एक सलग ओळ करून पलीकडच्या शेलच्या हवाली करतो. तो शेल ती ओळ पुन्हा नव्याने फोडतो. म्हणजे अवतरणं दोनदा सोलली जातात. नावात स्पेस असलेली फाइल इकडे नीट अवतरणात असली तरी तिकडे तिचे दोन तुकडे होतात. 'आरएम'सारख्या फाइल पुसणाऱ्या कमांडला हे फार महागात पडतं. म्हणून कमांड एका ओळीपेक्षा मोठी झाली की अवतरणांशी झगडू नका. स्क्रिप्ट आपल्याच मशीनवर फाइलमध्ये ठेवा, पलीकडे 'बॅश -एस' चालवा आणि < लावून ती फाइल इनपुटला जोडा. इथे -एन देऊ नका, नाहीतर बॅशला रिकामी स्क्रिप्ट मिळेल.

पाथशोधक

'कमांड नॉट फाउंड'बद्दल. एसएसएचमागे कमांड लिहिली की पलीकडे लॉगिन शेल सुरू होत नाही, त्यामुळे .प्रोफाइल ही सेटिंगची फाइल वाचली जात नाही. .बॅशआरसी वाचली जाते खरी, पण उबुंटूच्या .बॅशआरसीत अगदी वरच एक तपासणी आहे: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल (समोर कुणी टाइप करत नसेल) तर परत फिर. पाथची (शेल कमांड कुठल्या फोल्डरांत शोधतो त्या यादीची) ओळ बहुतेक जण फाइलच्या तळाशी जोडतात, तिथपर्यंत वाचन पोचतच नाही. स्क्रिप्टच्या फाइलचा / पासूनचा पूर्ण पत्ता लिहा. स्क्रिप्टच्या आतही पाथ स्पष्ट लिहून ठेवा. पुढे ती क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) टाकलीत तर तिथे हीच अडचण येणार.

लॅब_चौदा

-एनने चौदाही मशीन झाली, नावंही बरोबर आली. धन्यवाद. आता बॅकअप: एका मशीनला सुमारे 40 मिनिटं लागतात आणि मध्येच वायफाय गेलं की काम अर्धवट राहतं. 'नोहप' (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारी कमांड) लावून, काम मागे सोडायला शेवटी & दिलं, तर एसएसएच परतच येत नाही, अडकून बसतो.

पाइपमास्तर

'नोहप' आउटपुट स्वतःहून फाइलकडे वळवतो, पण ते टर्मिनलवर जात असेल तरच. इथे टर्मिनलच नाही, त्यामुळे बॅकअपचा आउटपुट एसएसएचच्या पाइपला जोडलेला राहतो आणि तो बंद होईपर्यंत एसएसएच वाट पाहतो. तिन्ही प्रवाह तोडा: इनपुट < /डेव्ह/नल, आउटपुट > लॉगफाइल, एरर 2>&1, आणि मग &. हे सगळं पलीकडच्या कमांडच्या अवतरणात हवं, बाहेर राहिलं तर लॉग तुमच्या लॅपटॉपवर तयार होईल. मध्ये डोकावून पाहायचं असेल तर 'टीमक्स' (सोडून परत जोडता येणारं टर्मिनल) बरा. कनेक्शन तुटलं तरी सेशन पलीकडे जिवंत राहतं.

वायफाय गेल्याचं एसएसएचला लवकर कळावं म्हणून सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (किती सेकंदांनी कनेक्शन तपासायचं) 15 ठेवा. मूळ किंमत 0 असते, म्हणजे तपासणी बंद. सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स (किती तपासण्या उत्तराविना गेल्या की सोडायचं) मुळातच 3 आहे, त्यामुळे साधारण 45 सेकंदांत तुटलेलं कनेक्शन सोडून दिलं जाईल.

एक्झिटकोड

बॅकअप 'जीझिप'ला (फाइल दाबून लहान करणारी कमांड) पाइप करत असाल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' हवंच. नाहीतर डंप (डेटा बाहेर काढणारी आधीची कमांड) अर्ध्यात मेला तरी 'जीझिप' 0, म्हणजे 'सगळं ठीक', परत करतो आणि अपुरी फाइल चांगली म्हणून साठवली जाते. हे बहुतेकदा रिस्टोर करायची वेळ आल्यावरच उघड होतं.

एसएसएच पलीकडच्या कमांडचाच एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) परत देतो. त्याची स्वतःची अडचण असेल तर 255. लॉगमध्ये 255 वेगळा नोंदवा, म्हणजे मशीन गाठताच आलं नाही की काम फसलं हे कळेल. & लावून मागे सोडलेल्या कामाचा कोड मात्र असा मिळत नाही. तो स्क्रिप्टनेच शेवटी लॉगफाइलमध्ये लिहायला हवा.

लूपमध्ये बॅचमोड=येस (एसएसएचने काही विचारत थांबू नये म्हणून) आणि कनेक्टटाइमआउट=5 द्या, म्हणजे एक बंद मशीन बाकीच्यांना अडवून धरणार नाही. बॅचमोडमध्ये अनोळखी होस्ट की (मशीनची ओळख पटवणारी की) आली की एसएसएच थेट नकार देतो. त्यावर स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग 'नो' करू नका, ओपनएसएसएच 7.6 पासून 'अ‍ॅक्सेप्ट-न्यू' आहे. नवं मशीन स्वीकारलं जातं, पण ओळखीच्या मशीनची की बदलली तर कनेक्शन होत नाही. उबुंटू नव्याने टाकलेल्या मशीनची की बदलतेच, तिथे 'एसएसएच-कीजेन -आर' (मोठा आर) आणि पुढे आयपी देऊन जुनी नोंद काढा.