एनएचएलची कॅप: टोपी नक्की कुणाला घातली?

मिसिसागाकर

परवा एका सदस्याने एनएचएलवर, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या बर्फावरच्या हॉकी लीगवर, लिहिलं: "२००५ ला संघांच्या पगारखर्चावर मर्यादा (कॅप) आली आणि हॉकीत समता आली. पैसेवाल्यांची मक्तेदारी संपली, आता कुणीही कप जिंकतो. टोरंटोवाल्यांनी रडगाणं थांबवावं." खाली ढीगभर +१. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण हात थांबेना. म्हणून वेगळा धागा.

समता-बिमता काही नाही हो. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालकांच्या टाळेबंदीत गेला. स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. त्याआधी असं झालं होतं १९१९ ला, फ्लूच्या साथीत. म्हणजे जे काम तेव्हा साथीने केलं ते या वेळी लीगचा प्रमुख गॅरी बेटमनने केलं. वर्ष बुडाल्यावर खेळाडू नमले. चालू करारांवर सरसकट २४ टक्के कात्री लागली आणि वर ३ कोटी ९० लाख डॉलरची कॅप बसली. २०१२ ला पुन्हा टाळेबंदी, ४८ सामन्यांचा लुळा हंगाम, आणि खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० वर.

दर वेळी पालुपद एकच, छोटे संघ जगले पाहिजेत. बरं, त्यातला सगळ्यात लाडका छोटा संघ कोणता? अ‍ॅरिझोनाचा. २००९ ला दिवाळं वाजलं तेव्हा लीगनेच तो ताब्यात घेतला. ग्लेनडेल गावाने दोन वर्षं लीगला दरसाल अडीच कोटी डॉलर मोजले, गावकऱ्यांच्या पैशातून. शेवटी विद्यापीठाच्या पाचेक हजारांच्या रिंकवर दोन हंगाम काढले. आणि २०२४ ला हा 'गरीब' संघ सॉल्ट लेक सिटीला गेला १२० कोटी डॉलरला! त्यातले २० कोटी बाकीच्या मालकांच्या खिशात. असला तोट्यातला धंदा मलाही चालेल.

संघाने पगारावर किमान किती खर्च करायचाच, त्या मर्यादेचीही तीच कथा. २०१६ ला डेट्रॉइटचा पावेल दात्सुक सेंट पीटर्सबर्गला खेळायला निघून गेला आणि त्याचा ७५ लाखांचा करार अ‍ॅरिझोनाने उचलला. माणूस रशियात, आकडा वाळवंटातल्या वहीत. किमान खर्च दाखवायला! मराठीत याला कागदी घोडे म्हणतात.

पगाराला छप्पर, तिकिटाला मात्र आभाळ मोकळं. टोपी खेळाडूंना घातली असं दिसतं. घातली आपल्याला.

विनिपेगचा_विन्या

टोरंटोकरांनी गरिबीवर बोलावं! चोराच्या उलट्या बोंबा.

मी १९९४ ला इथे आलो. ९५ ला आमच्या संघासाठी 'जेट्स वाचवा' चाललं होतं, शाळकरी पोरांनी गल्ले फोडून पैसे आणून दिले होते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याच्या मुलीने दिलेले, त्याने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. हॉकी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मग ९६ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटविरुद्ध शेवटचा सामना झाला. रात्री पोर्टेज अ‍ॅव्हेन्यूच्या बसस्टॉपवर एक सहाफुटी बाप्या, अंगात पांढरा शर्ट, भिंतीला कपाळ टेकून ढसाढसा रडत होता. बस आली तरी चढला नाही. त्या दिवशी मला खेळ कळला.

तो संघ गेला कुठे माहितेय ना? तुमच्या त्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात.

कॅपच्या आधी १९९५ ते २००३ मध्ये नऊ कप झाले, ते चारच संघांनी वाटून घेतले: न्यू जर्सी तीन, डेट्रॉइट तीन, कोलोरॅडो दोन, डॅलस एक. कॅप आल्यावर २००६ ते २०२५ वीस कप, तेरा संघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मिसिसागाकर

@विन्या, २००४ चा कप हळूच वगळलात! तेव्हा कॅप नव्हती, तरी जिंकला टँपाने आणि समोर होतं कॅलगरी. दोघंही श्रीमंत नव्हेत. उलट न्यूयॉर्क रेंजर्सनी पैसा पाण्यासारखा ओतला आणि १९९८ ते २००४ ओळीने सात वर्षं प्लेऑफबाहेर बसले. पैशाने कप मिळत असता तर आम्ही टोरंटोवाले १९६७ पासून वाट बघत बसलो असतो का?

आणि जेट्स गेले ते डॉलरमुळे. तिकिटं कॅनेडियन डॉलरमध्ये, पगार अमेरिकन डॉलरमध्ये. ९६ ला आपला डॉलर ७३ सेंटच्या आसपास होता. २०११ ला अटलांटाचा संघ तुमच्याकडे आला तेव्हा डॉलर बरोबरीला होता. शिवाय मालकांत डेव्हिड थॉमसन, देशातला तेव्हाचा सगळ्यात श्रीमंत माणूस. त्याला कॅपची मदत?

कोथरूड_एक्स्प्रेस

आमच्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले, बाकी पास. पण ५० टक्के मिळूनही खेळाडू नाडले गेले हे वाचून चहा सांडला. आयपीएलचं बघा. २०२५ च्या लिलावात संघाची पर्स १२० कोटी, दहा संघांचे १,२०० कोटी रुपये. नुसते प्रक्षेपण हक्क पाच वर्षांचे ४८,३९० कोटी. म्हणजे वर्षाच्या हक्कांच्या जेमतेम आठवा हिस्सा पर्समध्ये. आणि आपण पंतचे २७ कोटी बघून डोळे पांढरे करतो.

डॅलसनिवासी

सगळे भलतीकडेच चाललेत. खरी गोम टॅक्समध्ये आहे. कॅप सगळ्यांना सारखी, पण हातात येणारा पगार सारखा नाही. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी इथे राज्याचा इन्कमटॅक्स शून्य. टोरंटोच्या ऑन्टारियोत वरच्या टप्प्याला ५३.५३ टक्के. २०२० ते २०२५ चे विजेते मोजा: टँपा, टँपा, कोलोरॅडो, व्हेगस, फ्लोरिडा, फ्लोरिडा. सहापैकी पाच बिनटॅक्सवाले, टँपाही फ्लोरिडातलंच. मिच मार्नर टोरंटो सोडून कुठे गेला? व्हेगसला, वर्षाला १ कोटी २० लाखांवर. येडा आहे का तो?

मी स्वतः २०१६ ला ब्रॅम्प्टन सोडून इकडे आलो, तेव्हा अनुभवाचे बोल आहेत.

मिसिसागाकर

घ्या, आले डॅलसचे सीए. फ्लोरिडा पँथर्स १९९७ ते २०२१ एकही प्लेऑफ मालिका जिंकले नाहीत, तेव्हा तिथे टॅक्स होता का? नॅशविलला कप नाही, सिअ‍ॅटलला नाही, आणि तुमच्या डॅलसला एकच, तोही कॅपच्या आधीचा. काप्रिझोव मिनेसोटात राहिला, आठ वर्षांचे १३ कोटी ६० लाख. तिथे राज्याचा टॅक्स जवळजवळ १० टक्के आहे. शिवाय बाहेरगावी खेळलं की त्या त्या राज्यात टॅक्स भरावाच लागतो, ही टॅक्सची सगळी गोष्ट अर्ध्याच सामन्यांची आहे.

रच्याकने, मलाही डॅलसची ऑफर होती. कुटुंबाच्या हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता आणि घराचा प्रॉपर्टी टॅक्स वहीत मांडला, वही मिटली, इथेच राहिलो.

डॅलसनिवासी

वही मिटलीत की डोळे? तुमचं फुकट आरोग्य बघून आलोय. आई आली होती तेव्हा हात मोडला, इमर्जन्सीत नऊ तास खुर्चीवर बसवून ठेवलं. सोबत आणलेल्या डब्यातली पोळी तिने डाव्या हाताने खाल्ली. इथे अर्ध्या तासात प्लास्टर.

मिसिसागाकर

आणि बिल?

डॅलसनिवासी

बिल भरायची ऐपत आहे म्हणून तर इकडे आलो!

विनिपेगचा_विन्या

वा. मूळ मुद्दा राहिला बाजूला. ऐपतीवर आलातच, तर टॅक्सवाल्यांनी खेळाडू टॅव्हारेसचं बघा. २०१८ ला टोरंटोला आला तेव्हा दीड कोटी डॉलरवर साइनिंग बोनस घेतला, कॅनडा-अमेरिकेतल्या करविषयक करारानुसार १५ टक्केच टॅक्स लागतो म्हणाला. पुढे महसूल खात्याने त्याला पूर्ण दराने नोटीस धाडली आणि २०२४ ला प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे पळवाटा इकडेही आहेत, फक्त सापळ्यासकट.

डॅलसनिवासी

बघा, म्हणजे टॅक्स हाच मुद्दा आहे हे तुम्हीच मान्य केलंत.

रिंकवरची_आई

चाळीस मिनिटं वाचतेय. पहाटे पावणेसहाचा सराव आहे, आत काचेमागे बसलेय, बोटं गारठलीत तरी टाइप करते.

माझा लेक बारा वर्षांचा, गोली, म्हणजे गोलरक्षक. याच वर्षी पॅड लहान झाले. वापरलेलेच घेतले, तरी ११०० डॉलर गेले. त्यावर क्लबची फी, बाहेरगावच्या स्पर्धा, हॉटेलं. घामट ग्लोव्ह्ज घरात हीटरच्या जाळीवर वाळत असतात, त्या वासाला आता पाहुणेही सरावलेत. नवऱ्याला म्हटलं, एकदा तरी याला टोरंटोच्या लीफ्स संघाच्या खऱ्या सामन्याला नेऊ. चार तिकिटांचा आकडा बघितला आणि त्याला वाढदिवसाला नवी स्टिक घेऊन दिली. आणि तुम्ही भांडताय कोणत्या कोट्यधीशाचे किती वाचले यावर! मार्नरच्या टॅक्सची काळजी त्याच्या सीएला करू द्या.

मिसिसागाकर

ताई, मी पहिल्या पोस्टमध्ये नेमकं हेच म्हटलं होतं!

रिंकवरची_आई

नाही म्हटलं. तुम्ही एका ओळीत तिकीट आणलंत आणि चार परिच्छेद खेळाडूंसाठी रडलात. मला खेळाडूंचंही काही वाटत नाही. २०२५-२६ ला कॅप ९ कोटी ५५ लाख, पुढच्या वर्षी १० कोटी ४०. ही वाढ उत्पन्नातून येते ना? मग ते उत्पन्न येतं कुठून? टीव्हीवाल्यांकडून, आणि आमच्यासारख्यांनी न घेतलेली तिकिटं जे घेतात त्यांच्याकडून.

विनिपेगचा_विन्या

ताईंना साष्टांग. आमच्याकडे या, १५ हजारांचा छोटा रिंक आहे, तिकीट टोरंटोपेक्षा स्वस्त पडेल. थंडीची हमी माझी.

@मिसिसागाकर, २००४ चा मुद्दा घेतला. घशाखाली उतरत नाही, पण घेतला. कॅपलाही भोकं आहेत हे मान्य. २०२१ ला टँपाचा कुचेरोव ऑपरेशनमुळे ५६ च्या ५६ सामन्यांना बाहेर, त्याचा पगार जखमींच्या खात्यात, म्हणजे कॅपबाहेर, आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्याला हजर! सगळ्यांत जास्त गुण त्याचेच, ३२. कप जिंकल्यावर 'कॅपच्या १ कोटी ८० लाख वर' छापलेला शर्ट घालून मिरवला. त्यानंतर आता कुठे प्लेऑफलाही कॅप लागू केली. चोरी झाल्यावर कुलूप. पण भोकं पडली म्हणून छप्परच उतरवायचं नसतं. ते नसतं तर आमचा संघ दुसऱ्यांदा कुणाच्या वाळवंटात असता.

मिसिसागाकर

नऊ कप चार संघ, तेही मान्य. खुश? पण तुमचा संघ टिकला तो तुम्ही पंधरा वर्षं रिकाम्या हाताने वाट पाहिलीत म्हणून. त्याचं श्रेय बेटमनला देऊ नका, एवढंच मागतो.

विनिपेगचा_विन्या

बेटमनला श्रेय? तो इथे आला की अजूनही हुर्यो होते. त्यात माझाही आवाज असतो.

कोथरूड_एक्स्प्रेस

म्हणजे दोघंही एकाच बाजूला होतात? मी इकडे पॉपकॉर्न फोडून बसलो होतो.

डॅलसनिवासी

टॅव्हारेसचा निकाल लागला की धागा वर काढतो. तोवर कुणीतरी मला सांगा, दीड कोटीवर १५ टक्के आणि ५३ टक्के यात फरक किती पडतो. वही उघडा, मिसिसागाकर.