डाग लाल की निळा

'पडद्यावर मारामारी बघितली की मनातल्या रागाचा निचरा होतो', असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. पण अशा हिंसेवर सरसकट बंदीही नको.

तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली रंगभूमीवर आलं, तेव्हा सेन्सॉरचा आक्षेप गर्भपात झालेल्या बहिणीच्या साडीवरच्या लाल डागाला होता. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि सेन्सॉरमुळे लालाचा निळा केलाय, असं प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं. त्या डागाने प्रेक्षक हादरायचा, कारण वेदना कुणाची हे समोर दिसत होतं.

माझा नऊ वर्षांचा भाचा जेवताना मोबाईलवर क्लिपा बघतो. तिथे माणसाचा गळा चिरला जातो, आणि याचा वरणभाताचा घास चावणं क्षणभरही थांबत नाही. मला भीती वाटते ती याची.