चवथीनंतरची जळजळ: फोंड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर

रविवार रात्र

बी-२०२ वहिनी: नमस्कार. इतक्या उशिरा मेसेज टाकतेय, माफ करा. गणेश चवथीहून परत आल्यापासून सासूबाईंना रात्री छातीत फार जळजळतंय. आडवं झालं की घशाशी आंबट येतं, मग उठून बसतात. औषध म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. घरातलं काही देता येईल का?

ए-१०४ आजी: अगो, पाच दिवसांचं जेवण आहे ते. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, रात्री आरतीनंतर पुन्हा फराळ. ओवा आणि पादेलोण चावायला दे, वर कोमट पाणी. उद्या जेवणात आमसुलाची फुटी कढी कर, हिंग-मोहरीची फोडणी दे. पोट हलकं होतं.

सी-१०१ भाऊ: थंड दूध द्या वहिनी. आमच्या घरी तेच चालतं.

ए-३०३ दादा: मी हल्ली रोज लिंबू पिळून खायचा सोडा घेतोय. ढेकर आला की बरं वाटतं.

ए-२०१ (शिरोड्याची वैद्य): आयुर्वेदात अध्यशन म्हणतात, म्हणजे आधीचं पचलेलं नसताना वर पुन्हा खाणं. सणात नेमकं तेच होतं. एक-दोन दिवस उकड्या तांदळाची पेज आणि मुगाचं कढण द्या. पेजेबरोबर खारातली तोरां (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या) मात्र नकोत, आंबट-खारट आहे.

डी-१०३ सिस्टर: वहिनी, काही द्यायच्या आधी थोडं विचारते. रात्री जेवण किती वाजता होतं? जेवल्यावर किती वेळाने आडव्या होतात? आणि गुडघ्यांसाठी काही गोळी चालू आहे का?

बी-२०२ वहिनी: गावी भजन संपून जेवायला अकरा व्हायचे. दमलेल्या असायच्या, लगेच अंथरुणावर. इथे आल्यावरही साडेदहाच. गुडघ्याची गोळी आहे, दुखलं की मेडिकलमधून आणतात. सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेतात.

डी-१०३ सिस्टर: रिकाम्या पोटी?

बी-२०२ वहिनी: हो, पूजा झाल्याशिवाय काही खात नाहीत.

डी-१०३ सिस्टर: मग थोडं सविस्तर लिहिते, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मेडिसिन वॉर्डात माझी नोकरी झाली, हे असं रोज बघितलंय.

आपण "पित्त झालं" म्हणतो त्यात दोन वेगळे त्रास असतात. एक अपचन: जेवल्यावर पोट जड, फुगलेलं, गच्च, ढेकर अडकलेला. दुसरा जळजळ: छातीच्या मध्ये आग, घशाशी आंबट, वाकलं किंवा झोपलं की जास्त. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली किंवा पोट तुडुंब भरलं की आतलं आम्ल वर येतं. नेवरीसारखं तळलेलं, खोबरं-तुपाचं अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून सणात दोन्ही त्रास एकत्र होतात. पण दोघांना एकच उपाय चालत नाही, आणि घरच्या औषधात आपली गडबड इथेच होते.

आजी, तुमचा ओवा आणि हिंग गच्च पोटाला छान आहे. फुटी कढीसुद्धा. पण घशाशी आंबट येणाऱ्या माणसाला रात्री आमसूल दिलं तर आधीच सोललेल्या घशावरून ते आंबटच खाली जाणार. सोलकढीचंही तसंच, तिच्यात वर नारळाचा रस, म्हणजे चरबी. सासूबाईंना चार-सहा दिवस कोकम नको. नंतर दुपारच्या जेवणात थोडं घेऊन बघायचं, मानवलं तर चालू.

ए-१०४ आजी: बरोबर आहे गो बाय. माझ्या सासूबाई घसा जळत असला की कोकमाचं आगळ देत नसत, धने-जिऱ्याचं पाणी देत.

डी-१०३ सिस्टर: तेच द्यायचं. धने, जिरे, बडीशेप रात्री भिजत घालून सकाळी उकळून गाळायचं, नाहीतर आपलं नेहमीचं कषाय (धने-जिऱ्याचा काढा), पण दुधाशिवाय. आडसराचं (शहाळ्याचं) पाणी चालेल, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. आल्याचा छोटा तुकडा पोट पुढे सरकवायला मदत करतो, मळमळही कमी होते. जास्त घातलं तर आल्यानेही जळजळतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आल्याचे काढे नकोत, स्वयंपाकातलं पुरे.

सी-१०१ भाऊ: आणि दूध? पुदिना?

डी-१०३ सिस्टर: थंड दुधाने त्या घटकेला थंड वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने पोट पुन्हा आम्ल सोडतं. झोपताना ग्लासभर दूध पिऊन आडवं होणं सर्वात वाईट. पुदिन्याने पोटाचे स्नायू सैल होतात म्हणून गच्चपणाला बरा, पण ती झडपही सैल होते. जळजळ असेल तर पुदिना आणि पेपरमिंटच्या गोळ्या बंद.

सोड्याचं मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपल्या सोसायटीत निम्म्यांना बीपी आहे. सोडा आम्लाला मारतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो ढेकर. पण चहाच्या एका सपाट चमचाभर खायच्या सोड्यात साधारण १,२०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात २,००० मिलीग्रॅमच्या आत राहायला सांगते. रोज सोडा घेणं म्हणजे रोज दोन वेळच्या जेवणाइतकं मीठ वरून ओतणं. पादेलोणही मीठच.

ए-२०१ (शिरोड्याची वैद्य): सिस्टर, ज्येष्ठमधाचं मी सांगू? लोक यूट्यूब बघून पित्तावर महिनोन्महिने ज्येष्ठमध चाटतात. औषध चांगलं आहे, पण त्यातल्या ग्लिसरायझिनने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मनाने सुरू करू नये. धारगळच्या आयुर्वेद संस्थेत ओपीडी आहे, तिथे दाखवून घ्या.

डी-१०३ सिस्टर: अगदी. आता खरं औषध. वहिनी, हे पेल्यात घालून द्यायचं नाही, घड्याळाचं आहे. रात्रीचं जेवण आठपर्यंत, थोडं. नंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. जेवल्यावर घरातल्या घरात शतपावली. झोपताना डाव्या कुशीवर, कारण त्या बाजूवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि आम्ल वर चढायला अडचण पडते. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलायची. नुसत्या दोन-तीन उशा घेऊन होत नाही. उशांनी मान वाकते, पोट दुमडतं, दाब उलट वाढतो. साडीची निरी आणि परकराची नाडी रात्री सैल.

आणि गुडघ्याची ती गोळी उद्यापासून बंद. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. रिकाम्या पोटी आणि कोऱ्या चहाबरोबर तर बघायलाच नको. ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखवून दुसरं काही घ्या. पण हृदयासाठी ॲस्पिरीन चालू असेल तर ती स्वतःहून कोणी थांबवू नका, आधी डॉक्टर.

बी-२०२ वहिनी: ॲस्पिरीन नाही. सिस्टर, देव बरें करूं. गोळीचं डोक्यातच आलं नसतं.

बी-३०१ ताई: मला कायम वाटायचं की तिखटाने अल्सर होतो. आमच्याकडे खोल्याच्या मिरचीचं हुमण (माशांची आमटी) म्हणजे जीव की प्राण.

डी-१०३ सिस्टर: तिखटाने जळजळ वाढते, अल्सर सहसा होत नाही. तो बहुतेक वेळा दोन कारणांनी होतो, एक या वेदनाशामक गोळ्या आणि दुसरा एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी.

सी-१०१ भाऊ: हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये शोधला ना? डॉक्टर मंडळी विश्वास ठेवेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्याले, पोटाला सूज आली, मग अँटिबायोटिक घेतलं. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

डी-१०३ सिस्टर: हो, तेच. म्हणून पोटात पुन्हा पुन्हा दुखत राहिलं तर ओवा खात बसायचं नाही, तपासून घ्यायचं. जंतू निघाला तर ठराविक दिवसांचा कोर्स असतो, तो पूर्ण करायचा.

बी-३०१ ताई: आणि ती पित्ताची, आम्ल कमी करणारी कॅप्सूल? ह्यांना वर्षानुवर्षं चालू आहे. नाश्ता झाला की घेतात.

डी-१०३ सिस्टर: ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, नंतर घेतली तर पूर्ण काम करत नाही. इतकी वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारा की अजून लागते का, आणि बी-१२ तपासा. पण एकदम बंद करू नका, काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं आजार वाढला.

ए-३०३ दादा: सिस्टर, माझं थोडं वेगळं वाटतंय. मला जेवल्यावर होत नाही. लिफ्ट बंद असल्यापासून जिना चढताना छातीत जळजळतं, डाव्या खांद्यापर्यंत येतं. मधल्या मजल्यावर थांबलं की जातं. सोड्यानेच जात असेल असं वाटून घेत होतो. आज संध्याकाळी बसल्या जागीही झालं, घाम आला.

डी-१०३ सिस्टर: दादा, आता कसं वाटतंय?

ए-३०३ दादा: थोडं आहे अजून.

डी-१०३ सिस्टर: सोडा घेऊ नका, काही खाऊ-पिऊ नका, जिना उतरू नका, गाडी स्वतः चालवू नका. घरात वहिनींना फोन द्या. मी वर येतेय. सेक्रेटरी, 108 ला फोन लावा, छातीत दुखतंय आणि घाम आलाय असं स्पष्ट सांगा. गेट उघडून ठेवा.

सेक्रेटरी: लावला. वॉचमन गेटवर उभा आहे. पार्किंगमधल्या दोन गाड्या कुणाच्या? लगेच काढा.

सी-१०१ भाऊ: एक माझी, काढली.

बी-२०२ वहिनी: मी ए विंगमध्ये पोचले, दादांच्या मुलाला आमच्याकडे घेऊन येते.

सोमवार सकाळ

ए-३०३ वहिनी: सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. उपजिल्हा इस्पितळात ईसीजी काढला, बदल दिसला, लगेच बांबोळीला गोमेकॉत पाठवलं. रात्रीच अँजिओग्राफी झाली, एक नस बंद होती, स्टेंट घातला. आता आयसीयूत आहेत, बोलतायत. मुलाचा डबा कोणीतरी भरून पाठवलात, तेही कळलं.

डी-१०३ सिस्टर: छान झालं, वेळेवर पोचले. वहिनी, तुम्ही काही खाल्लंत का?

ए-३०३ वहिनी: आता खाते.

डी-१०३ सिस्टर: सगळ्यांसाठी लिहून ठेवते. चालताना किंवा चढताना येणारी, थांबल्यावर जाणारी, हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे सरकणारी, घाम-धाप घेऊन येणारी जळजळ पित्ताची धरायची नाही. बायका आणि मधुमेही यांच्यात कधी कधी छातीत न दुखता नुसती मळमळ आणि थकवाही दिसतो. ईसीजी आधी, ओवा नंतर. आणि गिळताना घास अडकणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, वजन आपोआप उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, किंवा पंचावन्नच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असलं तर एंडोस्कोपीसाठी विचारायचं.

ए-१०४ आजी: बी-२०२, सासूबाईंची रात्र कशी गेली?

बी-२०२ वहिनी: रात्री पेज आणि दुधीची भाजी दिली, गोळी दिली नाही. दोनदा उठल्या, पण घशाशी कमी आलं म्हणाल्या. शी विचारली, नेहमीसारखी आहे. आज दुपारी ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतली. पलंगाचं तेवढं राहिलंय, खाली काय लावू? पार्किंगमध्ये चिऱ्याचे तुकडे पडलेत ते चालतील?

सी-१०१ भाऊ: चिरा नको वहिनी, फुटतो. पलंग बॉक्सचा की पायांचा?

बी-२०२ वहिनी: पायांचा, जुना शिसवी.

सी-१०१ भाऊ: मग सोपं आहे. माझ्याकडे फणसाच्या लाकडाचे ठोकळे आहेत, बरोबर सहा इंची होतील. वर पाय बसेल एवढी खाच मारून आणतो, म्हणजे सरकणार नाही. संध्याकाळी येऊ का?

बी-२०२ वहिनी: या ना. सहानंतर या, तोवर आम्ही डॉक्टरांकडून परत येऊ. पलंग जड आहे, उचलायला आणखी एक जण लागेल.

सेक्रेटरी: मी येतो.